38 लाख कोटींचा शेजार

38 लाख कोटी. म्हणजे 38 वर बारा शून्यं. एका माणसाच्या देहात साधारण एवढे जिवाणू राहतात. सेकंदाला एक या गतीनं रात्रंदिवस मोजत राहिलं, तर मोजणी संपायला बारा लाख वर्षं लागतील. प्रत्येकाची लांबी एक मायक्रॉन धरून रांग लावली, तर ती 38 हजार किलोमीटर भरेल, जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणाच. आणि या सगळ्यांचं मिळून वजन? अवघं 200 ग्रॅम.

हा हिशेब इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली मांडला. त्याआधी जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट आहेत, असं सर्रास सांगितलं जाई. प्रत्यक्षात आपल्या पेशीही 30 लाख कोटी निघाल्या. म्हणजे जवळपास बरोबरी.

यातले बहुतेक जिवाणू राहतात ते जेमतेम दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात. जठरातल्या आम्लात एका मिलिलिटरमागे हजार ते दहा हजार जिवाणू तग धरतात. मोठ्या आतड्यात तेवढ्याच जागेत 10 हजार कोटी असतात. पृथ्वीवरच्या एकूण माणसांच्या बारापट!

हे नुसते राहत नाहीत, राबतातही. 2010 साली 124 युरोपीय लोकांच्या मलाच्या नमुन्यांतून जिवाणूंची 33 लाख जनुकं नोंदली गेली; माणसाची स्वतःची आहेत वीस हजारांच्या आसपास. भाकरीतला, उसळीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली सुमारे 70 टक्के ऊर्जा त्यातूनच मिळवतात.

आता या अफाट वस्तीच्या आणि आपल्या रक्ताच्या मध्ये काय आहे ते पाहा. एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर, तेही दर चार-पाच दिवसांनी नवं होणारं. त्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर. त्याचा आतला, घट्ट भाग मिलिमीटरच्या काही दशांश एवढाच जाड असतो. पण निरोगी आतड्यात जिवाणू तो सहसा ओलांडत नाहीत.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या आजारात नेमका हा थर विरळ होतो. जिवाणू अस्तराला भिडतात, प्रतिकारशक्ती चवताळते, जखमा होतात, शौचातून रक्त जातं. ब्युटिरेट बनवणारे फीकॅलिबॅक्टेरियमसारखे जिवाणूही या रुग्णांत कमी आढळतात. आधी जिवाणू बदलले की आधी दाह झाला, हा वाद अजून मिटलेला नाही. पण जिवाणूंचा हात आहे, हे उंदरांनी दाखवून दिलं. दाह आवरणारं आयएल-10 हे प्रथिन नसलेल्या उंदरांना कोलायटिस होतो. तेच उंदीर जन्मापासून पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर होत नाही.

मग शेजारीच बदलले तर? निरोगी माणसाचा मल पाण्यात मिसळून रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा प्रयोग कॅनडात 75 रुग्णांवर झाला. 2015 मध्ये निष्कर्ष आले: खऱ्या उपचारानं 24 टक्के रुग्णांचा आजार शमला, नुसत्या पाण्यानं 5 टक्के. बरे झालेल्या नऊपैकी सात जणांना एकाच दात्याचा मल मिळाला होता. लाखो कोटींच्या गर्दीत कोण शेजारी आहे, याला किती महत्त्व आहे ते इथे कळतं. पण चारातल्या तिघांना या उपचाराचा गुण आला नाही, हेही तितकंच खरं. म्हणून यूट्यूब पाहून घरी असले प्रयोग करू नयेत आणि चालू गोळ्याही मनानं बंद करू नयेत.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ मानण्याची चूक मात्र महागात पडेल. पंजाबात घरोघरी जाऊन केलेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे 44 रुग्ण सापडले. तेच प्रमाण आजच्या 140 कोटींना लावलं, तर आकडा सहा लाखांवर जातो. यातले कितीतरी जण मूळव्याध किंवा आमांश समजून लाजेपोटी गप्प राहतात. शौचातून रक्त जात असेल, तर पोटविकारतज्ज्ञाला दाखवा. दुर्बिणीच्या तपासणीनं निदान होतं, आणि वेळेवर सुरू झालेल्या औषधांनी बहुतेकांचा आजार आटोक्यात ठेवता येतो.