बर्फ पडतोय हे वाटेला कसं कळतं?

मुलांनो, डिसेंबर-जानेवारीत आपल्या श्रीपुरात काय चालू असतं? उसाचा गाळप हंगाम! रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि कारखान्याच्या चिमणीतून रात्रंदिवस धूर. नेमक्या त्याच दिवसांत तिकडे अमेरिकेच्या मिशिगन राज्यात बर्फाचे थर साचलेले असतात. तिथल्या मराठी घरांतसुद्धा सकाळी आधी फावडं शोधावं लागतं. घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, म्हणजे ड्राइव्हवे, मोकळी केल्याशिवाय गाडी हलत नाही.

काही घरांना मात्र फावडं लागतच नाही. बर्फ पडतो आणि वाटेवर टेकला की वितळतो! कारण त्या काँक्रीटच्या पोटात प्लास्टिकच्या नळ्या नागमोडी अंथरलेल्या असतात. बॉयलरवर तापलेलं पाणी पंप त्यांतून फिरवतो. नळीतच पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल नावाचं द्रव्य मिसळतात. काही ठिकाणी नळ्यांऐवजी विजेवर तापणाऱ्या तारा असतात.

मग ही वाट हिवाळाभर तापवून ठेवायची का? छे! किती खर्च होईल, मोजूया. ० अंशांवरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत तापतं! आता १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद वाट घ्या. तिच्यावर १० सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ पडला, तर त्याचं वजन होतं साधारण ५०० किलो. तो वितळवायला सुमारे ४६ युनिट ऊर्जा हवी. शिवाय जमिनीत आणि हवेत निघून जाणारी उष्णता वेगळीच.

म्हणून या यंत्रणेचा खरा हुशार भाग म्हणजे तिचा कंट्रोलर. तो दोन प्रश्न विचारतो. थंडी आहे का? आणि ओल आहे का? नुसती कोरडी थंडी असेल तर वितळवायचं काय? नुसता पाऊस असेल तर तापवायचं कशाला? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तरच पंप सुरू.

ओल कळते ती वाटेत बसवलेल्या छोट्या सेन्सरमुळे. त्याच्यावर धातूच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामध्ये पाणी आलं की बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. पण कोरड्या बर्फातून तो नीट वाहत नाही, मग बर्फ ओळखायचा कसा? युक्ती पाहा: सेन्सरच्या पोटातच एक छोटा हीटर असतो. तो आपल्यापुरता बर्फ वितळवतो, त्याचं पाणी होतं आणि कंट्रोलरला खबर जाते. बर्फ थांबल्यावरही यंत्रणा थोडा वेळ चालू राहते. नाहीतर उरलेलं पाणी पुन्हा गोठून वाट काचेसारखी निसरडी होईल.

उष्णता वाचवायचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो श्रीपूरच्या मुलांना लगेच कळेल. साखर कारखान्यात उसाची चिपाडं जाळून वाफ करतात. ती टर्बाइन फिरवते, वीज तयार होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ अजून गरमच असते, म्हणून तिच्यावर उसाचा रस आटवतात. एका उष्णतेत दोन कामं! मिशिगनमधल्या हॉलंड या गावाने हीच गोष्ट बर्फासाठी केली. तिथे १९८८ पासून वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता पाण्यातून बाजारपेठेच्या रस्त्यांखाली फिरवतात. आइसलँडच्या रेक्याविक शहरात जमिनीतलं गरम पाणी आधी घरं ऊबदार करतं, आणि उरलेलं कोमट पाणी पदपथांखालून जाऊन बर्फ वितळवतं.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण हे दोन प्रश्नांचं शहाणपण आपल्यालाही हवं आहे. उसाला ठिबकने पाणी द्यायचं, तर माती कोरडी आहे का आणि पाऊस येणार आहे का, हे दोन्ही विचारायला हवं. आज घरात आणि शेतात फिरून बघा: पंप, दिवा, पंखा, गिझर. यातलं काय उगाच चालू राहतं? ते वेळेवर बंद व्हावं म्हणून यंत्राला कोणते दोन प्रश्न विचारायला शिकवाल? वहीत लिहा आणि तुमच्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना नक्की दाखवा.