नाल्यात सापडलेला जबडा बिबट्याचा की बोकडाचा? दात पाहून असे ओळखा

वाशीम जिल्ह्यात पावसाळा सरून नाल्यांचे पाणी ओसरले, की काठच्या गाळात हाडे उघडी पडतात. मेलेले जनावर गावाबाहेर नाल्याकडेला टाकले जाते, त्यामुळे यात नवल नाही. पण दातांसकट जबडा दिसला, की फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. ‘बिबट्या आला’ अशी चर्चा सुरू होते आणि रात्रीच्या ओलिताला जायला कोणी धजत नाही. ही भीती अगदीच निराधार नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ शेतशिवारांतून चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता.

मात्र उत्तर बहुतेकदा जबड्यातच असते.

आधी दाढा पाहा. सपाट आणि वर चंद्रकोरीसारख्या रेघा असतील, तर प्राणी रवंथ करणारा आहे. गाय, म्हैस, शेळी, काळवीट, रोही हे सगळे त्यात आले. यांच्या वरच्या जबड्यात समोरचे दात नसतातच, खाली मात्र आठ असतात. ते गळून पडले असतील तर खाचा दिसतात. बैलबाजारात ‘दोन दाती’, ‘चार दाती’ म्हणून वय ठरते ते याच आठ दातांवरून. वासरू की शेळी, असा घोळ झाला तर दाढेच्या दोन भागांमध्ये बारीक खुंटी आहे का ते पाहावे. ती गायवर्गात असते, शेळीत सहसा नसते. गाय की रोही, हे मात्र फोटोवरून सांगणे तज्ज्ञांनाही सोपे नाही.

मांसाहारी प्राण्याच्या दाढा कात्रीच्या पात्यासारख्या असतात. इथे मोजणी कामाला येते. खालच्या जबड्याच्या एका बाजूला सुळ्यामागे कुत्रा आणि कोल्ह्याला सात दात असतात, तर बिबट्या, वाघ आणि घरच्या मांजरालाही तीनच. म्हणजे तीन दात मोजून लगेच घाबरू नये, आधी जबड्याची लांबी पाहावी.

सर्वाधिक गोंधळ घालते ते डुक्कर. त्याच्या दाढा माणसाच्या दाढांसारख्या उंचवट्यांच्या असतात, म्हणून सुटी दाढ पाहून अनेकदा भलतीच शंका येते. पूर्ण जबडा मिळाला तर बाहेर वळलेला सुळा सगळे सांगून जातो. तरीही हाड माणसाचे असल्याची शंका असेल, तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

उघड्या हाताने हाडे उचलू नयेत. फाशी (काळपुळी) रोगाचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. वन्यप्राण्याचा सुळा ताईत करून गळ्यात घालणेही अंगाशी येऊ शकते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ नुसार अशी वस्तू सरकारची मालमत्ता ठरते आणि ती हाती आल्यापासून ४८ तासांत कळवणे बंधनकारक आहे.

आणि दाढ दगडासारखी जड लागली, वर आडव्या पट्ट्या दिसल्या तर? ती अश्मीभूत हत्तीची असू शकते. गोदावरीच्या गाळात सापडलेल्या अशा नामशेष हत्तीबद्दल भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ मध्येच लिहिले होते. अशी वस्तू जागची हलवू नये. शेजारी पेन ठेवून फोटो काढावा आणि जागेचे लोकेशन तहसील कार्यालयाला द्यावे.