लिनक्सवर वायफाय रुसलं तर…

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय दिसेना, तर लगेच राउटरला बोल लावू नका. टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्या. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ आलं, तर बहुधा लॅपटॉपचं वायफाय बटणच बंद आहे (हसू नका, पुष्कळदा हेच निघतं). ‘सॉफ्ट’पुढे आलं, तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरतं. यादीत ‘वायरलेस लॅन’ नसेलच, तर चिपचं फर्मवेअर किंवा ड्रायव्हर नसावा. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपा यात बदनाम. डेबियनने जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून बरंचसं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलं. बाकीचं नेटविना उतरवायचं कसं? अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. बहुतेकदा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.