बिनगिअरची सायकल कुठवर पुरते?

पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ आणि चाक २८ इंची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले की वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. शहरातल्या सपाट रस्त्याला एवढा वेग भरपूर झाला. शिवाय चेन सरळ रेषेत धावते, त्यामुळे ती कमी झिजते, आणि बिघडायला गिअर बदलणारा डिरेलर नसतोच. चढावर ही सायकल जड जाते, हा आक्षेप मात्र खरा आहे. वेग ताशी ८ किलोमीटरवर उतरला की फेरे २५ वर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर पडतो. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर पायाचा जोर सुमारे १८ टक्के कमी लागतो. पण मग सपाटीवर पाय भराभर मारावे लागतात. रोजच्या वाटेत घाट असेल, तर गिअरचीच सायकल घ्यावी.