थंडीचा कंटाळा आणि शरीराची तक्रार

पौष निम्मा सरला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच बोलणे ऐकू येते : पुरे झाली आता ही थंडी, एकदाचा फाल्गुन लागू दे. बोलणारी बहुधा वयस्कर माणसे असतात आणि घरातली तरुण मंडळी ते हसण्यावारी नेतात. कोकणात कसली आली थंडी, असे म्हणून विषय संपवतात. आम्हाला मात्र वाटते की हा कंटाळा नीट ऐकून घ्यायला हवा. पुष्कळदा ती शरीराचीच तक्रार असते.

आधी थंडीचे पाहू. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांपर्यंत उतरल्याशिवाय हवामान खाते थंडीची लाट म्हणत नाही. किनारपट्टीला मात्र वेगळे माप लावले जाते. तिथे तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली येऊन 15 वर किंवा त्याखाली गेले तरी लाट मानता येते. दमट, उबदार हवेची सवय असलेल्या शरीराला 15 अंशही जड जातात, हे यामागचे साधे कारण. त्यातही तारापूर, सातपाटीची थंडी वेगळी आणि मनोरची वेगळी. समुद्राचे पाणी सावकाश निवते, म्हणून किनाऱ्यावरची रात्र फार गारठत नाही. वैतरणा-सूर्येच्या खोऱ्यात निरभ्र रात्री जमीन भराभर निवते आणि जड झालेली गार हवा सखल भागात साचून राहते. दुपारी अंगातून घाम आणि पहाटे दातावर दात, असा प्रकार. वर पत्र्याचे छप्पर असेल तर घरातली ऊब रात्री टिकतच नाही. साचलेल्या गार हवेत वीटभट्ट्यांचा, कारखान्यांचा, हायवेवरच्या गाड्यांचा आणि शेकोट्यांचा धूरही खालीच अडकतो. दम्याची माणसे पहाटे जास्त का खोकतात, याचे एक कारण हे आहे.

आता जिवाशी संबंधित गोष्ट. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. भारतातील मृत्यूंच्या नोंदी तपासून 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की कडाक्याच्या थंडीपेक्षा मध्यम थंडीच्या दिवसांशी एकूण जास्त मृत्यू जोडलेले आहेत. असे दिवस संख्येने कितीतरी जास्त असतात आणि त्या दिवसांत कोणी सावध नसते. त्या मृत्यूंमध्ये पक्षाघात आणि हृदयविकार ठळक होते. म्हणून पहाटे मस्तान नाक्यावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या साठीच्या माणसाने कानटोपी घातली तर त्याला हसू नये. छातीत दाबल्यासारखे होणे, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलताना जीभ जड होणे यांपैकी काहीही दिसले तर चोळत बसू नका, 108 ला फोन करा.

परदेशात हिवाळ्यातल्या उदासीचा एक आजारच सांगतात. तो मुख्यतः कमी उजेडामुळे येतो. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांहून लहान असतो, आपल्याकडे तो साधारण अकरा तासांचा असतो. तेव्हा आपल्या मरगळीचे खापर लगेच त्या आजारावर फोडायला नको. अंधारात पहिल्या पाळीला जाणारा आणि दिवसभर शेडमध्ये राहणारा कामगार मात्र सुट्टीच्या दिवशी तासभर उन्हात बसला तर त्याला बरे वाटेल.

सतत सगळ्यांपेक्षा जास्त थंडी वाजणे, थकवा येणे, चेहरा फिकट दिसणे हे रक्त कमी असल्याचे किंवा थायरॉईडचे लक्षण असू शकते. आपल्या बायका हे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. आणि एखादे मूल थंडी पडली की हातपाय, पाठ, हाडे दुखतात म्हणून रडत असेल, तर त्याला नाटकी म्हणू नका. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या आणि पाणी कमी प्यायले गेले की या पेशी अडकतात व असह्य कळा येतात. पालघरच्या आदिवासी बांधवांमध्ये हा आजार आहेच. विदर्भात तो आपल्या बौद्ध समाजातही आढळतो, आणि नोकरीसाठी बोईसरला आलेली कितीतरी कुटुंबे तिकडचीच आहेत. 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तीत 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मनोरच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. लग्न ठरवताना पत्रिका पाहण्याची चाल आपण सोडली, ते उत्तमच झाले. पण रक्ताचा हा अहवाल दोन्हीकडचा जरूर पाहावा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

उबेसाठी कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. हे आम्ही दर हिवाळ्यात लिहितो आणि लिहीत राहू. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपेतच माणूस जातो. शेकायचे ते बाहेर, आणि निखारे पूर्ण विझवूनच आत यायचे.

मग ऊब कशी मिळवायची? विनयपिटकातील महावग्गात याचे उत्तर आहे. काही भिक्खू चीवरांची गाठोडी वाहताना तथागतांना दिसले. मर्यादा किती घालावी हे ठरवण्यासाठी ते वैशालीत ऐन हिवाळ्यात, हिम पडत असताना रात्रभर उघड्यावर बसले. सुरुवातीला एक चीवर पुरले. पहिला प्रहर संपताना थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरे घेतले. मधला प्रहर सरताना तिसरे, पहाटे चौथे. त्यावरून त्यांनी तीन चीवरांची परवानगी दिली, आणि त्यांतली वरची संघाटी दुहेरी ठेवली. म्हणजे पदर चारच झाले. थंडीने कुडकुडणाऱ्याला सोसायला शिक, असे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी स्वतः बसून पाहिले आणि नियम केला. कपड्यांच्या पदरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. एका जाड स्वेटरऐवजी आत सुती बनियन, वर सदरा, त्यावर स्वेटर आणि शाल असे घाला. रात्री गोधडी अंगावर घेता तशी एक अंगाखालीही घाला, कारण थंड फरशी खालून ऊब ओढून घेते.

31 डिसेंबरच्या रात्री भीमा कोरेगावला निघणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. घाटावरची थंडी आपल्यापेक्षा कडक असते. सोबतच्या वडीलधाऱ्यांना पायमोजे, कानटोपी, गरम पाण्याची बाटली आणि त्यांच्या रोजच्या गोळ्या आठवणीने द्या.

रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल आणखी एक. हिवाळ्यात दाब चढतो म्हणून डॉक्टर कधी डोस वाढवतात. माघ पौर्णिमा सरून ऊन तापू लागले की दाब आपोआप उतरतो, आणि तोच डोस चालू राहिला तर उठताना चक्कर येते. गोळी मनाने बंद करू नका. होळीच्या सुमारास एकदा दाब मोजून घ्या आणि डोस तोच ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा.