‘द जंगल बुक’ : पुनरागमन आणि अनिश्चित भवितव्य

प्रस्तावना :
थांबलेली दूरचित्रवाणी मालिका पुन्हा दिसू लागणे आणि ती टिकून राहणे या दोन भिन्न बाबी होत. प्रस्तुत लेखात ‘द जंगल बुक’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या आधारे हा भेद स्पष्ट केला आहे.

विवेचन :
रुडयार्ड किपलिंग यांच्या कथांवर जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये ही ५२ भागांची मालिका आणली. दूरदर्शनने १९९३ मध्ये ती हिंदीतून दाखविली. गुलजार यांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकर यांचा आवाज यांमुळे परकीय चित्रे आपलीशी झाली. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, दूरदर्शनने तिचे पुनर्प्रसारण केले.

तथापि, पुनर्प्रसारण म्हणजे पुनर्निर्मिती नव्हे. जुने भाग संपताच मालिका संपते. नव्या भागांसाठी निधी, कलावंत आणि हक्कधारकांची संमती लागते. नवे भाग निघाले तरी शाश्वती नसते. अमेरिकेतील ‘फ्युचरामा’ २००३ मध्ये बंद झाली, २०१० मध्ये दूरचित्रवाणीवर परतली, २०१३ मध्ये पुन्हा थांबली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. प्रत्येक वेळी निर्णय प्रसारकाचाच होता.

निष्कर्ष :
१९९३ चे बालप्रेक्षक आज पालक आहेत. स्मरणरंजन त्यांना पडद्यापुढे आणते. त्यांच्या मुलांना मात्र नव्या कथा आणि स्वभाषेतील आवाज हवा. मोगलीची कथाभूमी सिवनी विदर्भाला लागून आहे. म्हणूनच मोगली मराठीत बोलेल काय, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकांनीही विचारात घ्यावा.