तैनाती फौज आणि म्हैसूरचे राज्य

परकीय सत्तेच्या आधाराने टिकून राहणाऱ्या एकतंत्री राजवटींचा अभ्यास करणारे संशोधक सहसा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाकडे वळतात. १९५३ साली अमेरिका व ब्रिटन यांच्या साहाय्याने इराणातील मोसादेक यांचे सरकार उलथून टाकण्यात आले व शहाची सत्ता दृढ झाली. १९७९ साली तीच राजवट क्रांतीत कोसळली. अशा उदाहरणांवर कित्येक प्रबंध लिहिले गेले आहेत. परंतु हा प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे. त्याचे मर्म समजून घेण्यास बंगळूरच्या लष्करी छावणीचा इतिहासही पुरेसा आहे.

१७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले व टिपू सुलतान मारला गेला. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने वडियार घराण्यातील पाच वर्षांच्या मुलाला, तिसऱ्या कृष्णराजाला, म्हैसूरच्या गादीवर बसविले. राज्याच्या रक्षणासाठी कंपनीची तैनाती फौज राहावी व तिच्या खर्चासाठी म्हैसूरने दरसाल सात लाख होन द्यावेत, असे तहात ठरले. पैसा बुडण्याची भीती वाटल्यास मुलूख आपल्या व्यवस्थेखाली घेण्याचा अधिकारही कंपनीने राखून ठेवला होता. १८०९ मध्ये ही फौज श्रीरंगपट्टणच्या रोगट हवेतून बंगळूरला आली आणि जुन्या पेठेपासून काही अंतरावर नवी छावणी वसली. मराठी वाचकाला ही व्यवस्था परिचित आहे. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने अशीच फौज पत्करली, आणि त्याला पुण्यास पुन्हा स्थापन करण्यासाठी आर्थर वेलस्ली १८०३ मध्ये निघाला तो म्हैसूरच्याच मुलखातून, हरिहराहून.

या व्यवस्थेतील दोष कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने नेमका ओळखला होता. टॉमस मन्रो याने १८१७ साली गव्हर्नर जनरलला कळविले की, हिंदुस्थानात राज्यकारभार असह्य झाला म्हणजे राजवाड्यातील उलथापालथ किंवा बंड हा त्यावरचा नेहमीचा इलाज असे. परंतु तैनाती फौजेने तो मार्गच बंद केला आहे. राजाला बाहेरच्या शत्रूची भीती उरत नाही व प्रजेच्या रोषाचीही. हाच मन्रो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि १८२५ मध्ये त्याला स्वतः म्हैसूरला जाऊन राजाला कारभार सुधारण्याची ताकीद द्यावी लागली.

दिवाण पूर्णय्या १८११ मध्ये निवृत्त झाला होता. त्यानंतर खजिना रिता होत गेला आणि वसुलीसाठी ‘शर्त’ नावाची पद्धत रूढ झाली. तीत अमीलदार ठराविक रक्कम भरण्याचे लिहून देई. वसूल कमी पडला तर तूट त्याच्या माथी येई. ती तूट तो कोणाकडून भरून काढणार, हे सांगावयास नको. १८३० मध्ये नगर प्रांतातील रयत ‘कूट’ भरवून एकत्र जमू लागली, सारा देण्याचे नाकारू लागली. केळदीच्या नायकांचा वारस म्हणविणारा बूदी बसवप्पा त्यांचा पुढारी झाला. राजाच्या सैन्याला हे बंड आवरेना, तेव्हा १८३१ मध्ये कंपनीच्या फौजेने ते मोडून काढले. रयतेने भरलेल्या साऱ्यातूनच कंपनीच्या फौजेचा खर्च चालत होता, हे येथे विसरता येत नाही.

बंड मोडल्यावर कंपनीने जे केले ते अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन पाहावे. ज्या गैरकारभाराला तिच्या पाठिंब्याने अभय मिळाले होते, त्याच कारणावरून लॉर्ड बेंटिंकने १८३१ मध्ये राजाकडून कारभार काढून घेतला. कमिशनर मार्क कब्बन याने पुढे आपले ठाणे बंगळूरला हलविले व १८६१ पर्यंत तेथून राज्य चालविले. त्याच्या कारकिर्दीत शिस्त आली, रस्ते झाले, हे मान्य केले पाहिजे. पण रयतेने मागितले होते ते हे नव्हे. कृष्णराज १८६८ मध्ये वारला, तोवर त्याला कारभार परत मिळाला नाही. १८८१ मध्ये राज्य वडियारांकडे परतले, तेव्हा खंडणी साडेचोवीस लाख रुपयांवरून पस्तीस लाखांवर नेण्याचे ठरले. बंगळूरची छावणी मात्र इंग्रजांनी आपल्या ताब्यात ठेवली. ती म्हैसूरला परत मिळाली १९४७ साली.